‘व्हर्च्यू’ रोजच्या इंग्रजीत कसा वापरायचा: एका बाईंचं टाचण

शब्दकोशात ‘व्हर्च्यू’पुढं बहुतेक एकच शब्द दिलेला असतो, सद्गुण. पोरं तो वहीत उतरवतात, परीक्षेपुरता पाठ करतात आणि पुढं कधी हा शब्द तोंडातून काढत नाहीत. मी अंबाजोगाईत संध्याकाळी भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. केज, धारूर, परळी, रेणापूरकडून एसटीनं येणारी ही लेकरं. त्यांना पहिल्याच तासाला सांगते, या शब्दाला इंग्रजीत तीन कामं आहेत आणि ‘सद्गुण’ हे त्यातलं एक. उरलेली दोन अर्जात, नोटिशीत, कायद्याच्या कागदात आणि वर्तमानपत्रात सारखी भेटतात. आपली लेकरं अडतात ती तिथंच.

तीन कामं अशी: माणसाचा चांगला गुण सांगणं, वस्तूचा, बियाण्याचा, योजनेचा गुण सांगणं, आणि ‘अमुक नात्यानं’, ‘अमुक अधिकारानं’ असं म्हणणं. वाक्य समोर आलं की आधी या तिघातलं कोणतं काम चाललंय ते ओळखायचं, अर्थ मग आपोआप लागतो.

उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग व्ही, आय, आर, टी, यू, ई. ऐकून लिहिणारे दुसरं अक्षर हमखास ‘ई’ टाकतात, तिथं ‘आय’ आहे. टीनंतर यू आला की इंग्रजीत पुष्कळदा च ऐकू येतो, जसं नेचर, फ्यूचर, पिक्चर, स्टॅच्यू. तेच इथं झालंय. म्हणून ‘व्हर्ट्यू’ म्हणायचं नाही.

आपल्या मराठी जिभेची एक खोड इथं सांभाळावी लागते. मराठीत च दोन आहेत. ‘चूल’, ‘चूक’ यातला च दातांजवळ होतो, ‘चहा’, ‘चार’ यातला टाळूजवळ. ‘व्हर्च्यू’ला टाळूचा च लागतो. फळ्यावर ‘व्हर्चू’ लिहिलं की अख्खा वर्ग ‘चूल’मधला च काढतो, म्हणून मी ‘च्यू’ असं जोडाक्षरच लिहिते. ‘च्यवनप्राश’ म्हणताना जीभ जिथं लागते तिथंच लावा. जोर पहिल्या भागावर, ‘व्हर्’वर.

पहिलं काम: माणसाचा गुण

मराठीतला ‘गुण’ चांगलाही असतो, वाईटही असतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला गुण काही व्हर्च्यू नाही. ‘काय गुण उधळायलास रं?’ असं आई ओरडते तेव्हा तोही नाही. बारावीला शंभरपैकी ऐंशी गुण पडले, ते मार्क्स. इंग्रजीतला व्हर्च्यू मात्र कायम चांगलाच असतो. वाईटाला त्यांच्याकडं ‘व्हाइस’ हा वेगळा शब्द आहे. म्हणून माणसाबद्दलच्या मराठी वाक्यातला ‘गुण’ काढून तिथं ‘सद्गुण’ ठेवून बघा. वाक्य बसलं तर व्हर्च्यू चालेल. नाही बसलं तर क्वालिटी, हॅबिट, मार्क्स यातलं जे असेल ते घ्या.

आता ‘अ’ कधी लावायचा. एखादा ठरावीक गुण सांगत असाल तर शब्द मोजता येतो: ‘पेशन्स इज अ व्हर्च्यू’, ‘ऑनेस्टी अँड थ्रिफ्ट आर व्हर्च्यूज’. सगळ्या वागण्याबद्दल, एकूण सचोटीबद्दल बोलत असाल तर मोजता येत नाही: ‘अ वुमन ऑफ व्हर्च्यू’. इथं ‘ऑफ’नंतर ‘अ’ नाही. आणि गुणाचं नाव मागून येणार असेल तर ‘द’ लागतो: ‘द व्हर्च्यू ऑफ पेशन्स’. व्याकरण इतकंच.

‘पेशन्स इज अ व्हर्च्यू’ हे वाक्य इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येतं. आपण ‘जरा दम धर’ किंवा ‘सबुरीचं फळ गोड’ म्हणतो त्या जागी. बस यायला उशीर झालाय, निकाल लागंना झालाय, धाकटा भाऊ पाय आपटायलाय, अशा वेळी बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणावं. जो खरोखर अडचणीत आहे त्याला मात्र हे वाक्य कधी म्हणू नका. सोयाबीन पाण्यात गेलंय आणि विम्याच्या पैशाची वाट बघून डोळे शिणलेत, अशा शेतकऱ्याला धीर धरा म्हणणं जखमेवर मीठ चोळण्यासारखं होतं, मग ते इंग्रजीत असो की मराठीत. त्या माणसाला ‘आय ॲम सॉरी यू हॅड टू वेट सो लाँग’ म्हणा.

यानंतर ‘व्हर्च्युअस’, म्हणजे सद्गुणी. हे विशेषण कळावं म्हणून शिका, पण माणसाबद्दल लिहायची वेळ आली की शक्यतो टाळा. कारण सांगते. पैठणच्या नाथ महाराजांच्या दोन कथा आपल्याकडं घराघरात सांगतात. एक, गोदावरीवर स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावता ते पुन्हा पुन्हा स्नानाला गेले. दुसरी, रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. ‘एकनाथ वॉज अ व्हर्च्युअस मॅन’ असं लिहिलंत तर दोन्ही कथा एकाच रंगात बुडाल्या. पहिलीसाठी ‘पेशन्स’ लिहा, दुसरीसाठी ‘कम्पॅशन’ लिहा, आणि पुढं त्यांनी काय केलं ते एका ओळीत सांगा. वाचणाऱ्याला माणूस दिसायला लागतो.

नोकरीच्या अर्जात हे जास्तच खरं आहे. एका मुलीनं दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या जागेसाठी अर्ज लिहून आणला. पहिलीच ओळ, ‘आय ॲम अ व्हर्च्युअस, सिन्सिअर अँड हार्डवर्किंग पर्सन’. असली ओळ गाइडात छापलेली असते आणि प्रत्येक अर्जात येते, त्यामुळं वाचणारा तिच्यावरून नजर फिरवून पुढं जातो. मी तिला विचारलं, सकाळी उठल्यावर काय करतीस? म्हणाली, वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, तिथं बसते. कॅन आले की दूध मापायचं, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघायचं, ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहायचं, आणि दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं. एखाद्याचं फॅट कमी लागलं तर तो भांडायला येतो, त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवायचं. मी म्हटलं, अगं हेच लिही की. मग तिच्या अर्जात आलं, ‘आय कीप द डेली अकाउंट्स ऑफ अ मिल्क कलेक्शन सेंटर अँड सेटल द बिल्स एव्हरी टेन डेज’. त्याखाली, ‘व्हेन अ फार्मर डाउट्स अ रीडिंग, आय टेस्ट द मिल्क अगेन इन फ्रंट ऑफ हिम’. प्रामाणिकपणा, चिकाटी, माणसांशी बोलायची हातोटी, तिन्ही त्यात आले आणि व्हर्च्यू हा शब्द लिहावाही लागला नाही. कुणाची शिफारस लिहायची असेल तेव्हाही असंच करा. ‘हर चीफ व्हर्च्यू इज पंक्च्युॲलिटी’ चालेल, छान आहे, पण पुढच्या ओळीत ती पाऊसपाण्यात किती वाजता दारात हजर असते ते आलं पाहिजे.

गुणांची नावं कुठून घ्यायची

निबंधाला आणि मुलाखतीला गुणांची नावं लागतात. युरोपात प्लेटोच्या काळापासून चार मुख्य गुण धरतात: प्रुडन्स म्हणजे विवेक, जस्टिस म्हणजे न्याय, फॉर्टिट्यूड म्हणजे धैर्य, टेंपरन्स म्हणजे संयम. त्यांना ‘कार्डिनल व्हर्च्यूज’ म्हणतात. कार्डिनलच्या मुळाशी लॅटिनमधला बिजागरीचा शब्द आहे. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं बाकीचं वागणं या चारांवर फिरतं, असं त्यांचं म्हणणं. ख्रिस्ती परंपरेनं त्यात फेथ, होप आणि चॅरिटी हे तीन घातले आणि सात झाले. या यादीत ‘चॅरिटी’चा अर्थ देणगी धरू नका, तिथं तो प्रेमाचा अर्थ आहे.

आपल्याकडंही यादी आहेच. गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला दैवी संपत्तीचे सव्वीस गुण मोजलेत, अभयापासून सुरुवात करून. त्यातले अहिंसा, सत्य, अक्रोध, दया, क्षमा, धृती हे इंग्रजीत नॉनव्हायोलन्स, ट्रुथफुलनेस, फ्रीडम फ्रॉम अँगर, कम्पॅशन, फर्गिव्हनेस, फॉर्टिट्यूड असे येतात. घरात आजी हरिपाठ, पोथी वाचत असेल तर तिच्यापाशी बसून हे शब्द विचारा, तिला अर्थ तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. इंग्रजी नाव मग लक्षात राहतं.

फॉर्टिट्यूडवर मुलं अडखळतात. ‘करेज’ म्हणजे त्या क्षणाची हिंमत. ‘फॉर्टिट्यूड’ म्हणजे त्रास सोसून पुष्कळ दिवस टिकून राहणारं धैर्य. ज्यांचं नाव आमच्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिलंय ते स्वामी रामानंद तीर्थ निजामी राजवटीत पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त होईपर्यंत मागं हटले नाहीत. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात त्यांच्यासाठी फॉर्टिट्यूड हाच शब्द वापरा: ‘ही बोअर इम्प्रिझनमेंट विथ फॉर्टिट्यूड’.

ॲरिस्टॉटलनं सांगितलेली एक गोष्ट हा शब्द समजायला फार उपयोगी पडते. त्याच्या मते व्हर्च्यू दोन टोकांच्या मधे असतो. एका बाजूला भित्रेपणा, दुसऱ्या बाजूला आततायीपणा, मधे धैर्य. एका बाजूला चिक्कूपणा, दुसऱ्या बाजूला उधळेपणा, मधे दानत. आणि तो सवयीनं अंगात येतो: धीराची कामं करत गेलं की माणूस धीराचा होतो. म्हणून एकदाच केलेल्या चांगल्या कामाला इंग्रजीत ‘अ गुड डीड’ म्हणतात. व्हर्च्यू म्हणजे अंगात मुरलेला स्वभाव.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी इथं थोडं थांबते. २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, २५० गुणांचा. त्याच्या अभ्यासक्रमात इंटिग्रिटी, इम्पार्शिॲलिटी, ऑब्जेक्टिव्हिटी, एम्पथी, टॉलरन्स, कम्पॅशन ही नावं आहेत. तिथं ‘व्हॅल्यू’ आणि ‘व्हर्च्यू’ यांची गल्लत करू नका. व्हॅल्यू म्हणजे आपल्याला महत्त्वाचं वाटणारं तत्त्व, व्हर्च्यू म्हणजे ते तत्त्व आपल्या वागण्यात उतरणं. समता ही व्हॅल्यू. तलाठी आपल्या कार्यालयात आलेल्या मोठ्या बागायतदाराला आणि भूमिहीन बाईला एकाच रांगेत उभं करतो, एकाच आवाजात बोलतो, आणि हे रोज करतो, तेव्हा त्याच्या अंगी निःपक्षपातीपणाचा व्हर्च्यू आहे. उत्तरात असं एखादं आपल्या तालुक्यातलं उदाहरण घाला.

दुसरं काम: वस्तूचा गुण

हे मराठी माणसाला सोपं जावं, कारण आपली भाषा आधीच असं बोलते. ‘औषधाचा गुण आला’ म्हणतो तेव्हा आपण औषधातली ताकद, त्याचा असर सांगत असतो. जुन्या इंग्रजीत व्हर्च्यू अगदी असाच वापरायचे, झाडपाल्याच्या औषधी शक्तीला व्हर्च्यू म्हणायचे. १६११ च्या इंग्रजी बायबलात एक आजारी बाई येशूच्या वस्त्राला हात लावते आणि आपल्यातून ‘व्हर्च्यू’ बाहेर गेल्याचं येशूला जाणवतं. तिथं अर्थ बरं करणारी शक्ती असा आहे. आज औषधाला गुण आला हे सांगायचं तर साधं ‘द मेडिसिन वर्क्ड’ म्हणायचं, व्हर्च्यू आणायचा नाही.

आज राहिलाय तो फायद्याचा, जमेच्या बाजूचा अर्थ. ‘द ग्रेट व्हर्च्यू ऑफ मालदांडी इज दॅट इट गिव्ह्ज बोथ ग्रेन अँड फॉडर’, म्हणजे मालदांडी ज्वारीचा मोठा गुण हा की ती दाणाही देते आणि कडबाही. ‘वन व्हर्च्यू ऑफ ड्रिप इज दॅट इट सेव्ह्ज वॉटर’. रोजच्या बोलण्यात इथं ‘ॲडव्हान्टेज’ जास्त चालतं. लेखात, अहवालात व्हर्च्यू शोभतो.

‘हॅज द व्हर्च्यू ऑफ’ ही रचना जपून वापरा. ‘द रूम हॅज द व्हर्च्यू ऑफ बीइंग क्लोज टू द बस स्टँड’ म्हणजे खोली स्टँडजवळ आहे हा तिचा गुण, पण बाकी फारसं काही नाही, अशी छटा त्यात येते. लातूरला क्लासच्या जवळ खोली बघताना मित्राला असं सांगा, खुशाल. घरमालकीणबाईंच्या तोंडावर म्हणू नका.

‘एक्स्टोल द व्हर्च्यूज ऑफ’ म्हणजे गोडवे गाणं. ‘द सेल्समन एक्स्टोल्ड द व्हर्च्यूज ऑफ द न्यू सीड’. वर्तमानपत्रात हे दिसलं तर लक्षात घ्या, सांगणारा भरभरून कौतुक करतोय एवढंच वाक्य म्हणतं. ते कौतुक खरं की खोटं हे पुढं वाचल्यावर कळतं.

तिसरं काम: बाय व्हर्च्यू ऑफ

कागदपत्रांच्या इंग्रजीत याच्यासारखी कामाची रचना थोडी सापडेल. मराठीत आपण ‘या नात्यानं’, ‘च्या आधारे’, ‘अन्वये’, ‘हक्कानं’ म्हणतो, त्या सगळ्या जागी हे बसतं. सरपंच या नात्यानं: ‘बाय व्हर्च्यू ऑफ बीइंग द सरपंच’. पदामुळंच जे मिळतं त्याला मराठीत ‘पदसिद्ध’ असा सुरेख शब्द आहे, लॅटिनवरून आलेला इंग्रजी शब्द ‘एक्स ऑफिशिओ’. भारताचे उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, संविधानाचा अनुच्छेद ६४ तेच सांगतो. हेच साध्या इंग्रजीत: ‘बाय व्हर्च्यू ऑफ हिज ऑफिस, द व्हाइस प्रेसिडेंट इज चेअरमन ऑफ द राज्यसभा’. संविधानाच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद ९ वाचा. ज्यानं स्वेच्छेनं परदेशाचं नागरिकत्व घेतलं तो अनुच्छेद ५ च्या आधारे भारताचा नागरिक राहणार नाही, हे सांगताना तिथं ‘बाय व्हर्च्यू ऑफ’ हेच शब्द आहेत.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी एक वाक्य पाठच करायला लावते. ‘बाय व्हर्च्यू ऑफ द २००५ अमेंडमेंट, अ डॉटर हॅज द सेम राइट ॲज अ सन इन कोपार्सनरी प्रॉपर्टी.’ २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला. फेरफार होताना बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याचा रिवाज आपल्याकडं इतका रुळलाय की पुष्कळींना सही कशावर केली तेही ठाऊक नसतं. सही करायची की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण कागद वाचता आला पाहिजे. म्हणून हे वाक्य.

वापरताना तीन गोष्टी बघा. ‘बाय’नंतर ‘द’ लावू नका. ‘बाय द व्हर्च्यू ऑफ’ ही आपल्याकडं हमखास होणारी चूक. ‘ऑफ’नंतर नाम किंवा ‘इंग’ लागलेलं रूप आणा, पूर्ण वाक्य आणू नका. ‘बाय व्हर्च्यू ऑफ ही इज द एल्डेस्ट’ चुकलं, ‘बाय व्हर्च्यू ऑफ बीइंग द एल्डेस्ट’ बरोबर. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: हक्क, पद, पात्रता, चांगला गुण यांच्यासाठीच हे वापरा. दुष्काळामुळं पीक गेलं, गारपिटीमुळं मोसंबी झडली, अपघातामुळं उशीर झाला, इथं ‘ड्यू टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’. संकटाला व्हर्च्यू लावला की वाचणारा दचकतो.

म्हणी आणि बांधलेले शब्दप्रयोग

‘मेक अ व्हर्च्यू ऑफ नेसेसिटी’ याला मराठवाड्याइतकी चांगली उदाहरणं क्वचितच कुठं मिळतील. अर्थ असा: जे टाळता येत नाही तेच नीट करून त्यातून भलं साधणं. ‘आलिया भोगासी असावे सादर’ हे तुकोबांचं वचन मुलं लगेच सांगतात. ते निम्म्यापर्यंत जातं, सादर होण्यापर्यंत. इंग्रजी वाक्प्रचार पुढं त्या भोगाचंच साधन करतो. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघा. पाऊस बेताचा, जमीन चढउताराची. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला धरून गावानं पाणलोटाची कामं केली, बांधबंदिस्ती केली, पुढं शेतोशेत शेततळी आणि ठिबक आलं, आणि त्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ‘शॉर्ट ऑफ रेन, कडवंची मेड अ व्हर्च्यू ऑफ नेसेसिटी अँड लर्न्ट टू स्टोअर एव्हरी ड्रॉप.’ निबंधात घालायला हे तयार वाक्य आहे, घ्या.

त्याच गावावरून ‘व्हर्च्युअस सर्कल’ही शिकता येतं. ‘व्हिशस सर्कल’ म्हणजे दुष्टचक्र: पाणी नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून कर्ज, कर्ज म्हणून जनावरं विकायची, मग शेणखतही नाही. हे उलटं चांगल्या बाजूनं फिरायला लागलं, पाणी थांबलं, चारा आला, दूध वाढलं, खत मिळालं, जमीन सुधारली, की ते व्हर्च्युअस सर्कल.

‘व्हर्च्यू इज इट्स ओन रिवॉर्ड’ म्हणजे चांगलं वागण्याचं समाधान हेच त्याचं बक्षीस. आपल्याकडं ‘नेकी कर, दरिया में डाल’ म्हणतात, त्याच्या जवळपासचं. हे स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे द्यायची वेळ आली की त्याला हे वाक्य ऐकवू नये.

‘व्हर्च्यू सिग्नलिंग’ हल्ली फार चालतं: आपण किती चांगले आहोत हे लोकांना दिसावं म्हणून केलेलं प्रदर्शन. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वाला लागूनच ‘अदंभित्व’ येतं, ते याच्या बरोबर उलट. शब्द ओळखा, पण दुसऱ्यावर फेकायची घाई करू नका. रक्तदानाचा फोटो टाकणाऱ्यामुळं आणखी दोघं रक्त द्यायला येतात, त्याला व्हर्च्यू सिग्नलिंग म्हणून गप्प करणं मला पटत नाही.

एक जुना अर्थ मुलींना मी मुद्दाम सांगते. व्हर्च्यूच्या मुळाशी लॅटिन ‘व्हिर’ म्हणजे पुरुष. ‘व्हिर्तुस’ म्हणजे आधी मर्दानगी, शौर्य, मग एकूण चांगुलपणा. पुढं इंग्रजीत पुरुषाचा व्हर्च्यू म्हणजे शौर्य, सचोटी, न्याय असं सगळं राहिलं आणि बाईचा व्हर्च्यू म्हणजे फक्त तिचं शील, असं झालं. जुन्या कादंबरीत ‘हर व्हर्च्यू’ दिसलं तर तो अर्थ धरा. ‘ईझी व्हर्च्यू’ ही बाईला दिलेली शिवी आहे, वाचताना कळली पाहिजे, लिहायची नाही. आज बाईच्या व्हर्च्यूबद्दल लिहिताना तिचा धीर, तिचा न्याय, तिची हुशारी लिहा, पुरुषाबद्दल लिहाल तसंच.

‘व्हर्च्युअल’ आणि ‘व्हर्चुओसो’ ही याच घरातली. व्हर्च्युअलमधे शक्तीचा, परिणामाचा अर्थ उरलाय: नावानं ती गोष्ट नाही, परिणामानं आहे. आरशात दिसते ती आभासी प्रतिमा, ‘व्हर्च्युअल इमेज’. ‘द टँक इज व्हर्च्युअली एम्प्टी’ म्हणजे टाकी जवळजवळ रिकामी. व्हर्चुओसो इटालियनमधून आला, कलेत असामान्य हात असलेला कलाकार. झाकीर हुसेन यांना ‘तबला व्हर्चुओसो’ म्हणतात, त्याचा सद्गुणी असण्याशी संबंध नाही.

घरी करायला

मराठी वाक्य वाचा, उत्तर झाका, आधी स्वतः लिहा.

‘थोरली म्हणून घरचा हिशोब तिच्याकडं आला.’ बाय व्हर्च्यू ऑफ बीइंग द एल्डेस्ट, शी टुक ओव्हर द हाउसहोल्ड अकाउंट्स.

‘या तुरीचा गुण म्हणजे ती कमी पाण्यावर येते.’ द व्हर्च्यू ऑफ धिस तूर इज दॅट इट ग्रोज ऑन लिटल वॉटर.

‘गारपिटीमुळं बाग गेली.’ द ऑर्चर्ड वॉज लॉस्ट ड्यू टू हेल.

‘त्या पोराचे गुण काही धड नाहीत.’ दॅट बॉयज हॅबिट्स आर नॉट गुड.

‘तिच्या गुणांमुळं तिला नोकरी लागली.’ इथं हात थांबला पाहिजे. मार्क म्हणायचंय की स्वभाव, ते मराठी वाक्यच सांगत नाही, म्हणून बोलणाऱ्याला विचारा. मार्क असतील तर ‘शी गॉट द जॉब बाय व्हर्च्यू ऑफ हर मार्क्स’. स्वभाव असेल तर गुणाचं नाव घ्या: ‘शी गॉट द जॉब बाय व्हर्च्यू ऑफ हर ऑनेस्टी’.